निळ्या प्रवाहातला हेमिंग्वे

अर्नेस्ट हेमिंग्वे म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो म्हातारा कोळी सांतियागो. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरिका पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली आणि अजस्र मासा गळाला लागूनही रिकाम्या हाताने परतणारा हा म्हातारा आपल्याकडेही ओळखीचा झाला. त्याला जन्म देणारा लेखक मात्र समुद्रावर रिकाम्या हाताने परतणे अजिबात न सोसणारा होता.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. डॉक्टर असलेल्या वडिलांनी मिशिगनच्या तळ्यांवर आणि ओढ्यांवर त्याच्या हाती गळ दिला. पुढे पहिले महायुद्ध, इटलीतली जखम, पॅरिस, पहिल्या कादंबऱ्यांचे यश हे सारे घडले. १९२८मध्ये तो फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरील की वेस्ट येथे आला आणि मेक्सिकोच्या आखातातून वाहत येणाऱ्या ‘गल्फ स्ट्रीम’ या उष्ण, गडद निळ्या प्रवाहाने त्याला कायमचे बांधून घेतले. १९३२पासून तो हवानाच्या किनाऱ्याजवळ मार्लिनच्या मागे जाऊ लागला. भाल्यासारखी लांब चोच असलेला हा मासा हजार पौंडांहूनही अधिक वाढू शकतो. कार्लोस गुतिएरेझ या अनुभवी क्यूबन कोळ्याने त्याला मार्लिनच्या सवयी शिकविल्या. क्यूबाचे कोळी होडीतून, जाड दोऱ्या वेगवेगळ्या खोलींवर सोडून, केवळ हातांच्या बळावर हा मासा पकडत. हेमिंग्वेची पद्धत धनिकांची होती. काठी, रीळ आणि इंजिनाची बोट.

१९३४मध्ये त्याने ब्रुकलिनच्या व्हीलर कंपनीकडून ३८ फुटांची ‘पिलार’ बांधून घेतली. मोठे इंजिन प्रवासासाठी आणि लहान इंजिन आमिष संथपणे ओढत नेण्यासाठी, अशी तिची रचना होती. मागची कड मुद्दाम खाली घेऊन तिच्यावर लाकडी रूळ बसविला होता, म्हणजे जड मासा बोटीत ओढून घेणे सोपे जावे.

या शिकारीचे तंत्र समजून घेण्याजोगे आहे. बोटीच्या दोन्ही अंगांना लांब काठ्या बाहेर काढलेल्या असतात. गळाची दोरी त्यांच्या टोकाशी चिमट्यात अडकविलेली असते आणि आमिष लाटांवरून उड्या मारत मागून येत राहते. मार्लिन बहुधा आधी चोचीचा तडाखा देतो. त्या क्षणी काठी ओढली तर आमिष त्याच्या पुढ्यातून निसटते. म्हणून तडाख्यासरशी चिमट्यातून दोरी सुटते, ढिली पडते आणि आमिष मेलेल्या माशासारखे पाण्यात थबकते. मासा वळून ते गिळतो. मग जोराचा हिसका देऊन गळ रुतवायचा. नवख्याला हे काही क्षण थांबणेच जमत नाही!

त्यानंतर खरी झुंज. फिरत्या खुर्चीत बसून, खांद्यांना पट्टे आवळून, पाठ आणि पायांच्या जोराने काठी उचलायची. ती खाली आणता आणता रीळ भराभर गुंडाळायचे. पुन्हा उचलायची. रिळाचा ब्रेक दोरी तुटणार नाही इतपतच आवळायचा. त्या काळची दोरी लिननच्या धाग्यांची असे, नायलॉनची नव्हे. हेमिंग्वेचे ठाम मत असे, की विश्रांती घ्यायची नाही. माणूस थांबला की मासाही दम घेतो, खोल जातो, झुंज तासन्‌तास लांबते आणि शार्क येतात.

बहामातील बिमिनी बेटाजवळ तेव्हा नेमके हेच होत असे. आपल्या कोळ्यांच्या कुप्याच्या कुळातले, पण कित्येक पट मोठे ट्यूना तेथे गळाला लागत आणि बोटीशी येईपर्यंत त्यांचे डोके तेवढे उरे. या बेटाकडे निघालेल्या हेमिंग्वेने एप्रिल १९३५मध्ये आकड्यात धरलेल्या शार्कवर पिस्तूल रोखले आणि स्वतःच्याच दोन्ही पायांत गोळीचे तुकडे घुसवून घेतले. बरा होऊन तो पुन्हा निघाला. मे महिन्यात त्याने ३८१ पौंडांचा ट्यूना अखंड बाहेर काढला. बिमिनीला तसे आधी कोणाला साधले नव्हते.

पण त्याच हंगामात दुसरी गोष्ट घडली. चित्रकार मित्र हेन्री स्ट्रेटर याच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला. तो बोटीजवळ येत असताना शार्क दिसले, आणि हेमिंग्वेने त्यांच्यावर टॉमी गन चालविली. पाण्यात रक्त मिसळले, त्या वासाने आणखी शार्क धावून आले. मासा वर आला तेव्हा त्याचा निम्मा भाग नाहीसा झाला होता. उरलेलाच पाचशे पौंडांच्या घरात भरला. स्ट्रेटरने याबद्दल हेमिंग्वेला कधीच माफ केले नाही. दुसऱ्याचा मासा आपल्याहून मोठा असणे हेमिंग्वेला सहन होत नसे, हे त्याच्या अनेक मित्रांनी अनुभवले होते.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३६मध्ये, ‘एस्क्वायर’ मासिकातील लेखात त्याने एका क्यूबन म्हाताऱ्याची हकिगत थोडक्यात सांगितली. मार्लिनने दूर ओढून नेलेला, शार्कशी एकट्याने लढून हरलेला हा कोळी त्याला कार्लोसच्या सांगण्यातून भेटला होता. ती हकिगत सोळा वर्षे त्याच्या मनात मुरली. स्ट्रेटरचा तो अर्धा मासाही तिच्यात मिसळला असावा, असे मानायला जागा आहे. बंदूक, इंजिन, फिरती खुर्ची हे सारे त्याने काढून टाकले; उरल्या त्या कोळ्याच्या होडीतल्या दोऱ्या आणि दोन हात. १९५२मध्ये पुस्तक आले. त्याला १९५३चे पुलित्झर आणि १९५४चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच्या पकडलेल्या माशांचा उपयोग केवळ छायाचित्रांपुरता राहिला नाही. १९३४मध्ये फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीची मंडळी ‘पिलार’वर आली होती, त्यांतील हेन्री फाउलर यांनी एका माशाला हेमिंग्वेचे नाव दिले. १९३९मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनचा तो उपाध्यक्ष झाला. झुंज सुरू झाल्यावर दुसऱ्या कोणी काठीला हात लावला तर तो विक्रम धरायचा नाही, हा या संस्थेचा एक मूलभूत नियम.

१९६०च्या मे महिन्यात त्याच्या नावाने भरणारी मार्लिन स्पर्धा फिडेल कॅस्ट्रो यांनी जिंकली आणि हेमिंग्वेने त्यांना चषक दिला. दोन महिन्यांनी त्याने क्यूबा सोडले. शरीर आणि मन दोन्ही खचलेल्या अवस्थेत, २ जुलै १९६१ रोजी आयडाहोतील केचम येथे, समुद्रापासून फार दूर, त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ‘पिलार’ क्यूबातच राहिली. ती जेथे नांगरलेली असे त्या कोहिमार गावच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांचे पितळी सुटे भाग आणि जुने पंखे दिले. ते वितळवून तेथे त्याचा अर्धपुतळा उभारण्यात आला.