विल्यम जेम्स : संवयीचें शास्त्र सांगणारा पुरुष

मुलगा बुद्धिमान आहे, परंतु त्याचें मन एका विषयावर ठरत नाहीं, अशी तक्रार पालकांच्या तोंडून शाळेंत वारंवार ऐकूं येते. आज चित्रकला, उद्यां रसायनशास्त्र, परवां आणखी कांहीं. आणि निर्णयाची वेळ आली म्हणजे डोकेदुखी! अशा मुलानें व त्याच्या आईबापांनींहि ज्याचें चरित्र अवश्य वाचावें, असा एक पुरुष एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत होऊन गेला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं तो आजारी, उदास व निरुद्योगी असा वडिलांच्या घरीं बसून होता. पुढें मनुष्याच्या मनाविषयीं व संवयींविषयीं त्यानेंच लिहिलेला ग्रंथ शंभराहून अधिक वर्षें जगभर वाचला जात आहे. त्याचें नांव विल्यम जेम्स.

त्याचा जन्म 11 जानेवारी 1842 रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. आजोबांनीं आयर्लंडांतून येऊन व्यापारांत अलोट संपत्ति मिळविली होती. त्यामुळें वडील हेन्री जेम्स यांना पोटासाठीं कांहींच करावें लागलें नाहीं. बाळपणीं आग विझवितांना त्यांचा पाय भाजला व तो कापावा लागला. त्यांचा सारा काळ धर्मचिंतनांत आणि मुलांच्या शिक्षणाच्या विवंचनेंत जाई. एक शाळा मनास आली नाहीं कीं दुसरी, एक शहर नकोसें झालें कीं दुसरें, असें करीत लंडन, पॅरिस, जिनीव्हा, बॉन इतक्या ठिकाणीं हें कुटुंब फिरलें. मुलांना फ्रेंच व जर्मन भाषा अवगत झाल्या. धाकटा भाऊ हेन्री हा तर पुढें नामांकित कादंबरीकार झाला. परंतु एका जागीं बसून एकच काम रोज करण्याचा धडा विल्यमला मिळाला नाहीं. वडिलांच्या प्रेमाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तरी सर्व दारें उघडीं ठेविल्यानें मुलास एका दारांतून आंत शिरणें सोपें होतेंच असें नाहीं.

अठराव्या वर्षीं त्यानें चित्रकार होण्याचें मनांत घेतलें व न्यूपोर्ट येथें विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराच्या हाताखालीं तो शिकूं लागला. वर्षाच्या आंत तें सुटलें. 1861 सालीं तो हार्वर्डच्या शास्त्रशाळेंत रसायनशास्त्र शिकावयास गेला. तें सोडून शरीरशास्त्राकडे, आणि 1864 सालीं वैद्यकाकडे वळला. दुसऱ्या वर्षीं लुई अगासी या सृष्टिशास्त्रज्ञाबरोबर ब्राझील देशीं ॲमेझॉन नदीच्या सफरीवर निघाला, तों रिओ येथें त्याला सौम्य देवी आल्या. मासे गोळा करीत जन्म काढणें आपल्यास साधावयाचें नाहीं, एवढें ज्ञान घेऊन तो परतला. मग पाठीचें दुखणें, डोळ्यांचें दुखणें, उपचारासाठीं जर्मनीचा प्रवास. 1869 सालीं वैद्यकीची पदवी एकदांची मिळाली. परंतु वैद्याचा धंदा त्यानें एक दिवसहि केला नाहीं.

पदवी हातीं आली आणि मन मात्र पार खचलें. शरीराच्या दुखण्यापेक्षां एक प्रश्न त्याला अधिक पोखरीत होता. मनुष्याचा प्रत्येक विचार जर मेंदूंतील घडामोडींनीं आधींच ठरलेला असेल, तर मनुष्य हें एक यंत्र झालें. मग चांगलें होण्याची धडपड करावयाची ती कोणीं आणि कशाला? त्या काळांतील एका संध्याकाळीं, वेड्यांच्या इस्पितळांत पूर्वीं पाहिलेल्या एका तरुण रोग्याची मूर्ति त्याच्या डोळ्यांपुढें एकाएकीं उभी राहिली. गुडघे पोटाशीं घेऊन, शून्य दृष्टीनें बसलेला तो तरुण आणि आपण यांत फारसें अंतर नाहीं, या विचारानें त्याचा थरकांप झाला. पुढें कित्येक महिने अंधारांत एकटें बाहेर पडण्याचें त्यास धैर्य होईना. ही हकीकत त्यानें 1902 सालीं छापली, पण ती एका फ्रेंच गृहस्थाची म्हणून. ती स्वतःची होती हें त्यानें मागाहून कबूल केलें.

या अंधारांतून तो कसा निघाला, हें त्याच्या रोजनिशींतील 30 एप्रिल 1870 च्या नोंदीवरून कळतें. आदल्या दिवशीं त्यानें रनूव्हिये या फ्रेंच तत्त्वज्ञाचा निबंध वाचला होता. मनांत दुसरे विचार येणें शक्य असतांहि एखादा विचार आपण निवडून धरून ठेवूं शकतों, आणि इच्छास्वातंत्र्य म्हणतात तें हेंच, असें त्यांत प्रतिपादिलें होतें. जेम्सला याचा पुरावा सांपडला नाहीं. तरी निदान पुढील वर्षापर्यंत तें खरें धरून चालावयाचें, आणि आपण स्वतंत्र आहों असें मानणें हीच आपली पहिली स्वतंत्र कृति करावयाची, असा त्यानें निश्चय केला. त्याबरोबरच, केवळ चिंतन कमी करून लहानलहान कामांत नियमितपणा आणावा, असेंहि त्यानें ठरविलें. आजार दुसऱ्या दिवशीं पळून गेला, असें मुळींच झालें नाहीं. सुधारणा अगदीं सावकाश झाली, आणि मधून मधून तो घसरलाहि.

1872 सालीं त्याचे रसायनशास्त्राचे जुने शिक्षक एलियट, जे त्या वेळीं हार्वर्डचे अध्यक्ष होते, त्यांनीं त्याला शरीरशास्त्र शिकविण्यास बोलाविलें. ठरल्या वेळीं ठरल्या वर्गापुढें उभें राहणें, हेंच त्याला मोठें औषध झालें. 1875 सालीं त्यानें मानसशास्त्राचा वर्ग सुरू केला. या विषयावरचें आपण ऐकलेलें पहिलें व्याख्यान आपलेंच होतें, असें तो थट्टेनें म्हणे. 1878 सालीं ॲलिस गिबन्स या शिक्षिकेशीं त्याचा विवाह झाला. त्याच वर्षीं एका प्रकाशकाशीं मानसशास्त्रावर पुस्तक लिहून देण्याचा करार झाला. मुदत दोन वर्षांची, लागलीं बारा! 1890 सालीं सुमारें चौदाशें पृष्ठांचा तो ग्रंथ दोन भागांत बाहेर पडला.

त्यांतील संवयीवरचें प्रकरण सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि ज्यास लेखकाचें पूर्वचरित्र ठाऊक आहे त्यास तें निराळेंच वाटतें. कागदाची एकदां घडी पडली म्हणजे तो पुन्हां तेथेंच मुडपतो, तद्वत् एकदां झालेली कृति मज्जातंतूंत आपली वाट पाडून ठेवते, असें तो सांगतो. केव्हां उठावें, केव्हां अभ्यासास बसावें, हें ज्याला दररोज नव्यानें ठरवावें लागतें, त्याची अर्धी शक्ति त्यांतच खर्च होते. म्हणून अशीं कामें शक्य तितक्या लवकर संवयीच्या हवालीं करावीं. नवी संवय लावतांना आरंभ जोरानें करावा. ती रुजेपर्यंत एकहि खंड पडूं देऊं नये, कारण सुताचा गुंडा एकदां हातून निसटला तर कित्येक वेढे उलगडतात. निश्चय केला कीं मिळेल त्या पहिल्या संधीस तो अंमलांत आणावा. आणि इच्छाशक्ति गंजूं नये म्हणून रोज एखादें नावडतें काम, केवळ तें नावडतें एवढ्याच कारणास्तव, करावें. केवळ भावना उचंबळून येण्याचा त्याला तिटकारा असे. नाटकांतील दुःख पाहून रडणाऱ्या एका रशियन बाईचा दाखला तो देतो. तिचा गाडीवान त्याच वेळीं बाहेर थंडीनें गारठून मरत असतो.

घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्यांस त्याचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. पाठांतराच्या व्यायामानें स्मरणशक्ति वाढते कीं काय, हें त्यानें स्वतःवर पाहिलें. व्हिक्टर ह्यूगोच्या एका काव्याच्या 158 ओळी पाठ करण्यास त्याला सुमारें 132 मिनिटें लागलीं. नंतर 38 दिवस रोज वीसएक मिनिटें त्यानें मिल्टनचें काव्य पाठ केलें, आणि मग पुन्हां ह्यूगोच्या पुढील 158 ओळी घेतल्या. या वेळीं लागलीं साडेएकशें एकावन्न मिनिटें! त्या दिवसांत आपण कामानें थकलों होतों, हें सांगावयासहि तो विसरला नाहीं. जी गोष्ट इतर अनेक गोष्टींशीं विचारपूर्वक जोडली जाते तीच टिकते. केवळ रट लावून मूळ शक्ति वाढत नाहीं, असें त्याचें मत झालें.

त्याचें सर्वच म्हणणें जसेंच्या तसें उभें राहिलेलें नाहीं. लंडन येथें 96 लोकांवर झालेली एक पाहणी 2010 सालीं प्रसिद्ध झाली. तींत नवी संवय अंगवळणीं पडण्यास कोणास 18 दिवस, तर कोणास 254 दिवस लागतील असें दिसलें. मध्यम मान 66 दिवसांचें होतें. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडलें नाहीं. खंड पडला म्हणून वही फेंकून देणाऱ्या मुलास हें अवश्य सांगावें. तसेंच बहुतेकांचा स्वभाव तिसाव्या वर्षापर्यंत गिलाव्यासारखा घट्ट होतो, असें जेम्सनें लिहिलें. परंतु पुढील संशोधनांत स्वभाव त्यानंतरहि पालटत असल्याचें आढळलें आहे. खुद्द जेम्स वर्गापुढें उभा राहिला तोच तिशी ओलांडल्यावर!

शिक्षक म्हणून तो मोठा उदार होता. 1890 सालीं मेरी कॅल्किन्स ही तरुणी त्याच्या वर्गांत आली, तेव्हां इतर विद्यार्थी वर्ग सोडून गेले. जेम्सनें तिला एकटीलाच शिकविलें. 1895 सालीं तिनें परीक्षा उत्तम दिली, तरी स्त्री म्हणून हार्वर्डनें तिला पदवी नाकारली. तीच 1905 सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघाची पहिली स्त्री-अध्यक्ष झाली. 1892 पासून जेम्सनें शाळाशिक्षकांसाठीं व्याख्यानें दिलीं. 1899 सालीं त्यांचें पुस्तक झालें. मानसशास्त्र हें शास्त्र व अध्यापन ही कला, आणि शास्त्रांतून कला आपोआप निपजत नाहीं, असें त्यानें त्यांत स्पष्ट बजावलें आहे.

उदासीनतेचे झटके त्याला पुढेंहि येत राहिले. 1885 सालीं डांग्या खोकल्यानें त्याचें एक तान्हें मूल दगावलें. 1898 सालीं डोंगर चढतांना हृदयावर ताण पडला, तो कायमचा. तरीहि एडिंबरो येथील व्याख्यानें त्यानें 1901 व 1902 सालीं पुरीं केलीं, आणि 1907 पर्यंत हार्वर्ड सोडलें नाहीं. 1910 सालीं युरोपांतील उपचारांचा गुण न आल्यानें तो चोकोरुआ येथील आपल्या घरीं परतला, आणि 26 ऑगस्ट रोजीं तेथेंच वारला. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थ्यांसाठीं प्रवेशग्रंथ लिहिण्याचें काम त्यानें हातीं घेतलें होतें. तें अपुरें राहिलें. लिहून झालेला भाग 1911 सालीं छापण्यांत आला.