बाद फेरीतले सीके

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 मध्ये नागपुरात जन्मले, म्हणजे आपलेच! रणजी करंडक 1934 मध्ये सुरू झाला तो बाद पद्धतीने. एक सामना हरला की वर्ष संपले. तरी सीकेंच्या होळकर संघाने तो चारदा जिंकला. एकसष्टाव्या वर्षी, 1956-57 मध्ये, ते शेवटचा रणजी हंगाम खेळले. पुढच्याच हंगामात आधी विभागवार साखळी, मग बाद फेरी अशी रचना झाली. विदर्भाचे पदार्पणही तेव्हाचेच. बलाढ्यांना बाद फेरी पुरते, नवख्यांना साखळी लागते. बँकेत नवशिके कारकून पाहिलेल्या, कौंडण्यपूरच्या मला हे पटते. साठ वर्षांनी, 1 जानेवारी 2018 रोजी, विदर्भाने करंडक जिंकला. तोही सीकेंच्या इंदूरला, होळकर मैदानावर!