घर सुटलं, अभंग सुटला नाही

बँकेच्या नोकरीत बदली कुणाला चुकत नाही. माझी बीड जिल्ह्यात आष्टीला झाली, तेव्हा मोठ्या खरेदीला, दवाखान्याला आम्हाला नगरच जवळचं. एका नाताळात शाखेतल्या ख्रिस्ती सहकाऱ्यानं घरी बोलावलं. पेटी होती, तबला होता, टाळ होते. भजन सुरू झालं आणि तुकोबांचा अभंग समजून मी मान डोलावू लागलो. तो निघाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा! दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या या माणसाला आपण मनातून परका धरत आलो, हे त्या क्षणी मला कळलं आणि मान खाली गेली.

टिळक आपल्याला शाळेतल्या 'केवढे हे क्रौर्य'मुळे ठाऊक. जन्म ६ डिसेंबर १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लवकर गेली, वडिलांशी पटेना. पोरगा घर सोडून नाशिकला आला. पायाला भिंगरी लागली ती तिथूनच. संस्कृतचा व्यासंग दांडगा, पण एकाही नोकरीत जीव रमेना. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबल दिलं. मनाशी झगडा चालला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत घरानं मोजली. जात गेली, आप्त दुरावले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांकडे राहिल्या. ही ताटातूट काही वर्षं चालली. पुढं त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळं सुटेना. चूल वेगळी राहिली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाई आपल्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. हा सगळा संसार त्यांनी 'स्मृतिचित्रे'त हसत हसत सांगितला आहे. वाचताना आपले डोळे मात्र भरून येतात.

पण नव्या घरी तरी टिळक सुखानं नांदले का? नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथली विलायती वळणाची उपासना त्यांना दुसऱ्याच्या मापाच्या अंगरख्यासारखी वाटे. जुन्या समाजाला ते बाटगे, नव्याला फारच देशी! मग त्यांनी आपलं घर भाषेत बांधलं. ओवी, अभंग, कीर्तन यांतून ख्रिस्त मराठी माणसाच्या ओसरीवर आणला. आपण तुकोबांच्या वाटेनंच ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची श्रद्धा होती. बालकवींसारख्या तरुण कवीला त्यांच्याच घरात आसरा मिळाला.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचं दहन झालं. अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

आष्टीहून माझी बदली झाली, निवृत्तीही झाली. तरी नाताळात जमेल तेव्हा मी त्या घरी जातो. आता माझ्याही हाती टाळ देतात. ठेका अजून चुकतो. पण कुणी मला परका म्हणत नाही.