मागणीच्या वक्रामागचे मार्शल

बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने मागणीचा वक्र कधी ना कधी काढलेला असतो. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी ती रेषा, घटत्या सीमांत उपयोगितेचा तक्ता, मागणीची लवचिकता आणि या साऱ्यांसोबत येणारे एक नाव : आल्फ्रेड मार्शल. परीक्षेपुरते पाठ होणारे आणि निकालानंतर विसरले जाणारे. वस्तुतः हा विषय वर्गात शिकवण्याजोगा झाला तो बव्हंशी या प्राध्यापकांमुळे. तो शिकणाऱ्या स्त्रियांना पदवी द्यावी की नाही, याविषयीची त्यांची भूमिका मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

मार्शल यांचा जन्म २६ जुलै १८४२ रोजी लंडनमधील बर्मंडसीचा. वडील बँक ऑफ इंग्लंडमध्ये रोखपाल, कडक आणि धर्मनिष्ठ. मुलाने धर्मोपदेशक व्हावे म्हणून ते त्याच्याकडून रात्री उशिरापर्यंत हिब्रू घोकून घेत. गणित वडिलांना कळत नसे. मुलाला त्याची गोडी लागण्याचे हेही एक कारण असावे. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती नाकारून, काकांकडून उसने पैसे घेऊन ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८६५ मध्ये दुसरे रँग्लर झाले. (आपले रँग्लर परांजपे १८९९ मध्ये पहिले आले ते याच कॉलेजातून.)

गणिताकडून ते वळले नीतिशास्त्राकडे आणि तेथून अर्थशास्त्राकडे. सुट्टीत ते शहरांच्या दरिद्री वस्त्यांतून हिंडत. दुकानात दिसलेले एका खंगलेल्या माणसाचे छोटे तैलचित्र विकत घेऊन त्यांनी आपल्या खोलीत लावले होते. अकरावीत शिकवली जाणारी त्यांची भौतिक कल्याणाची व्याख्या वाचताना ते चित्र आठवावे. मिलचे सिद्धांत त्यांनी स्वतःच्या समजुतीसाठी गणितात उतरवून काढले. पुस्तक लिहिताना मात्र आकृत्या तळटीपांत आणि समीकरणे परिशिष्टात ढकलली. सामान्य व्यापाऱ्यालाही पान वाचता यावे, हा आग्रह.

१८७७ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी मेरी पेली हिच्याशी विवाह केला. न्यूनहॅमच्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी ती एक. १८७४ मध्ये तिने ट्रायपॉसचे पेपर दिले, पण स्त्री म्हणून पदवी मिळाली नाही. पुढे ती केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र शिकवणारी पहिली स्त्री ठरली. नवशिक्यांसाठी दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १८७९ मध्ये निघाले. आजारपणामुळे पालेर्मोत राहत असताना, १८८१-८२ च्या हिवाळ्यात, हॉटेलच्या गच्चीवर मार्शलना लवचिकतेची कल्पना सुचली. पुढे ऑक्सफर्डला भारतीय सनदी सेवेच्या उमेदवारांना शिकवून ते १८८५ मध्ये केंब्रिजला प्राध्यापक म्हणून परतले. १८९० मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ आले आणि तीस वर्षांत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. १९०३ मध्ये अर्थशास्त्राचा स्वतंत्र ट्रायपॉस सुरू झाला तोही त्यांच्याच चिकाटीने.

आणि याच माणसाने १८९६ मध्ये स्त्रियांना केंब्रिजची पदवी देण्याविरुद्ध पत्रक काढले! पुढच्या वर्षी तो प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने पडला. त्याआधी, १८९२ मध्ये, त्यांनी एकट्याच्या नावाने दुसरे प्राथमिक पुस्तक काढून पत्नीसोबतचे जुने पुस्तक बाजारातून मागे घेतले होते. कामगारांच्या हलाखीने व्याकूळ होणाऱ्या या विद्वानाला घरातला अन्याय दिसू नये, हे आजही खटकते. तरुणपणी ते स्त्रीशिक्षणाचे समर्थक होते, म्हणून अधिकच.

१३ जुलै १९२४ रोजी मार्शल निवर्तले. त्यांचा ग्रंथसंग्रह विद्यापीठाकडे गेला. त्या ग्रंथालयात मेरीबाई वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत विनावेतन काम करीत राहिल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुस्तके काढून देत राहिल्या. १९४४ मध्ये त्या वारल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये.