वसईचे संत गोन्सालो गार्सिया

सानपाड्याच्या आमच्या धर्मग्रामांत पोटापाण्यासाठीं गांव सोडून आलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांजपुढें या महोत्सवप्रसंगीं आम्ही आपल्याच वसईच्या एका प्रवाशाचें चरित्र ठेवितों.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसईस झाला. वडील पोर्तुगीज, आई याच देशची. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेंत शिकून ते लहान वयांतच त्यांजबरोबर जपानास गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनीं कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. परंतु संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची विनंती मान्य झाली नाहीं. तेव्हां त्यांनीं व्यापार धरिला. त्यांत जम बसला, पण अंतःकरणास स्वस्थता लाभेना. अखेर मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले.

१५९३ सालीं फादर पेद्रो बाप्टिस्टा मनिलाहून वकील म्हणून जपानास निघाले, तेव्हां दुभाषी म्हणून गोन्सालोच त्यांजबरोबर गेले. व्यर्थ गेलीं असें वाटणारीं वर्षें अशीं कामास आलीं. पुढें १५९६ सालीं एक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्या प्रकरणांत राज्यकर्ता हिदेयोशी याचा संशय बळावला व त्यानें मिशनरी आणि त्यांचे अनुयायी यांस पकडविलें. ऐन थंडींत त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रुसावर देण्यांत आलें. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

ज्या देशांत त्यांची इच्छा अपुरी राहिली, त्याच देशांत त्यांचें पाचारण पूर्ण झालें. घरांतील एखाद्या मुलाची वाट अडली असेल, तर त्यास हें चरित्र अवश्य सांगावें.