पोपट गेला कुठे?

बीएड करणाऱ्यांना किंवा टीईटीची तयारी करणाऱ्यांना पियाजे हे नाव पाठ असतं. चार अवस्था, प्रत्येकीचं वय, एकेक उदाहरण, झालं. सायकॉलॉजी घेतलेल्यांनाही तो भेटतोच. आपल्या गाइडमध्ये त्याला जीन म्हणतात. फ्रेंच उच्चार जाँ असा आहे. त्या तक्त्यातली पहिली ओळ, ० ते २ वर्षं, संवेदनकारक अवस्था, आपण अर्ध्या मिनिटात लिहून मोकळे होतो. ती ओळ लिहिता यावी म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने कित्येक वर्षं पाळण्याशेजारी बसून नोंदी केल्या होत्या. आणि पाळण्यात त्यांचीच मुलं होती.

जाँ पियाजे जन्मला ९ ऑगस्ट १८९६ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल या तळ्याकाठच्या गावी. वडील मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक, कामात काटेकोर. आई हुशार आणि मायाळू, पण मनाने फार अस्थिर. त्यामुळे घरातलं वातावरण कायम ताणलेलं. पुढे स्वतःबद्दल लिहिताना त्याने हे लपवलं नाही. खेळणं सोडून आपण इतक्या लवकर गंभीर कामाला लागलो ते वडिलांचं बघून आणि घरातल्या त्या ताणापासून पळ काढायला, असं त्याचं स्वतःचं निदान होतं. कोणी पळून मित्रांच्या कट्ट्यावर जातं, हा म्युझियममध्ये गेला.

तोही थेट नाही. गावच्या निसर्ग-संग्रहालयाचे प्रमुख पॉल गोदे यांनी आपल्याला आत घ्यावं म्हणून त्याने आधी एक लेख छापून आणला. वय वर्षं दहा, साल १९०७. बागेत दिसलेल्या एका अर्धवट पांढऱ्या चिमणीबद्दल एका पानाची नोंद. युक्ती चालली. गोदे शंख-शिंपल्यांचे जाणकार. पोरगा आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाऊन शंखांना चिठ्ठ्या चिकटवायचा आणि मेहनताना म्हणून दुर्मिळ शंख घरी न्यायचा. १९११ मध्ये गोदे वारले. तोवर पोराला गोगलगाईंवर स्वतःचे लेख लिहिण्याइतकं कळायला लागलं होतं. जिनिव्हाच्या म्युझियमने त्याला मृदुकाय प्राण्यांच्या विभागाची नोकरी देऊ केली, आणि शाळा अजून संपायचीय म्हणून त्याला नाही म्हणावं लागलं. १९१८ मध्ये डॉक्टरेट मिळाली तीही गोगलगाईंवरच.

या गोगलगाई नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यातूनच आलंय असं माझं मत आहे. स्वित्झर्लंडच्या मोठ्या तळ्यांत लाटा आपटतात. तिथली गोगलगाय दगडाला घट्ट धरून राहते आणि तिचा शंख आखूड, रुंद होतो. तीच जात संथ पाण्यात वाढली तर शंख लांबट. प्राणी आणि पाणी यांच्या झटापटीतून आकार घडतो, हे त्याने शेकडो शंख हाताळून पाहिलं होतं. मग ज्ञानाचं काय? तेही असंच घडत असेल का? हा खरं तर तत्त्वज्ञानाचा प्रश्न, पण याला तो जीवशास्त्रातून पडला.

मानसशास्त्र शिकायला तो आधी झुरिकला आणि १९१९ मध्ये पॅरिसला गेला. बुद्धिमापन चाचणीचा जनक आल्फ्रेड बिने वारून आठ वर्षं झाली होती. त्याचा सहकारी तेओदोर सिमाँ याने पियाजेला एक कंटाळवाणं काम दिलं: इंग्लंडमध्ये तयार झालेल्या तर्कचाचण्या पॅरिसच्या शाळकरी मुलांकडून सोडवून घ्यायच्या आणि कुठल्या वयाला किती गुण हे ठरवायचं. बरोबरला टिक, चुकीला फुली. सिमाँ स्वतः दुसऱ्या गावी राहायचा, त्यामुळे साहेबांचा पहारा नव्हता. पियाजेने टिका सोडून फुल्या बघायला सुरुवात केली. एकाच वयाची मुलं एकाच प्रकारची चूक करत होती! तीन मुलींपैकी सगळ्यात काळे केस कोणाचे, असल्या साध्या कोड्यात सात-आठ वर्षांची पोरं ठराविक जागीच अडखळत होती. म्हणजे ती कमी हुशार नव्हती, तर वेगळ्याच पद्धतीने विचार करत होती. मग त्याने पोरांशी गप्पा मारायला सुरुवात केली. उत्तर ऐकायचं, का ते विचारायचं, परत ऐकायचं. पेपरमधल्या चुकीकडे आपण कधी असं बघतो का?

१९२१ मध्ये जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटने त्याला संशोधनप्रमुख म्हणून बोलावलं. तिथेच शिकणाऱ्या वालांतीन शातने हिच्याशी १९२३ मध्ये लग्न झालं. त्याच वर्षी मुलांच्या भाषेवरचं त्याचं पहिलं पुस्तक आलं आणि तिशीच्या आतच त्याचं नाव झालं. पण एक अडचण उरलीच होती. बोलणाऱ्या मुलांना प्रश्न विचारता येतात. बाळाला काय विचारणार?

१९२५ मध्ये जाकलीन झाली, १९२७ मध्ये ल्युसिएन आणि १९३१ मध्ये लोराँ. दोन मुली, एक मुलगा. घरात प्रयोगशाळा सुरू झाली, तीही जवळजवळ फुकट. सामान म्हणजे खुळखुळे, दोऱ्या, काडेपेट्या, रजई, सेल्युलॉइडचं बदक. नोंदीत वय तिहेरी लिहिलेलं: वर्ष, महिने आणि कंसात दिवस. एक वर्षाच्या आसपास असलं मोघम काही नाही.

तीन महिन्यांची ल्युसिएन. पाळण्याच्या छताला कापडी बाहुल्या टांगलेल्या. ती पाय झाडते, पाळणा हलतो, बाहुल्या डोलतात. ती थांबते, बघते, हसते, पुन्हा पाय झाडते. आपण म्हणू, बाळ खेळतंय. पियाजेला तिथे विचाराचं पहिलं बीज दिसलं: मी काही केलं की जगात काही होतं. लोराँच्या हाताला त्याने दोरी बांधून खुळखुळ्यांना जोडली. कुठली हालचाल केली की आवाज होतो हे तीन महिन्यांच्याही आतल्या त्या पोराला हळूहळू सापडत गेलं. पियाजेचा मुख्य दावा इथे आहे. बाळ आधी विचार करायला शिकतं आणि मग हातपाय वापरतं, असा क्रम नसतो. चोखणं, धरणं, ढकलणं, आपटणं हाच त्या वयातला विचार. दहा महिन्यांचा लोराँ हातातली वस्तू खाली टाकायचा, मग हात वेगळ्या दिशेला नेऊन परत टाकायचा आणि प्रत्येक वेळी ती कुठे पडते ते बघायचा. तुमच्या घरात चमचा पाडणारं भाचरू असेल तर उचलून देणाऱ्याचा वैताग तुम्हाला ठाऊक आहे. पियाजे त्या वैतागाच्या जागी तारीख टाकून नोंद करायचा.

सगळ्यात गाजली ती पोपटाची गोष्ट. त्याच्याही आधी, सात महिन्यांच्या जाकलीनसमोरून बदक रजईच्या घडीत घसरलं, तर ती शोधायलाच गेली नाही. दिसेनासं झालं म्हणजे संपलं. साडेदहा महिन्यांची झाल्यावर ती गादीवर बसलेली असताना त्याने तिच्या हातातला खेळण्यातला पोपट डावीकडे गादीखाली लपवला. तिने लगेच काढला. पुन्हा तिथेच लपवला, पुन्हा काढला. मग तिच्या डोळ्यांदेखत त्याने पोपट उजवीकडे लपवला. तिने नीट पाहिलं आणि शोधायला गेली डावीकडेच! पियाजेच्या मते तिच्यासाठी पोपट ही अजून स्वतंत्र वस्तू नव्हती. डावीकडे हात घातला की मिळणारी ती एक गोष्ट होती. वस्तू आपल्या डोळ्यांआड, आपल्या हाताबाहेरही असते, हे ज्ञान माणूस जन्मताना घेऊन येत नाही. ते त्याला कमवावं लागतं, आणि त्यात दीड-दोन वर्षं जातात.

मग एक दिवस ते डोक्यात शिरतं. सोळा महिन्यांच्या ल्युसिएनला काडेपेटीत घातलेली साखळी हवी होती, पण फट जेमतेम तीन मिलिमीटर. बोट जाईना. ती थांबली, फटीकडे बघत तिने स्वतःचं तोंड उघडलं, मिटलं, आणखी मोठं उघडलं. आणि मग फटीत बोट घालून पेटी ओढून उघडली. तिच्याकडे शब्द नव्हते, म्हणून तिने जबड्याने विचार केला. मला विचाराल तर मानसशास्त्रातली इतकी सुंदर नोंद दुसरी नसेल. जाकलीन वीस महिन्यांची असताना दोन्ही हातांत गवताची पाती घेऊन बंद दाराशी आली. पाती खाली ठेवून तिने दार उघडलं आणि आत गेली. बाहेर पडताना परत तेच करायला गेली, तर लक्षात आलं की दार आपल्याकडे ओढलं की पाती त्याखाली सापडतील. तिने ती उचलून दाराच्या वाटेतून लांब ठेवली. धडपड न करता, आधीच. हे सगळं १९३६ आणि १९३७ मध्ये आलेल्या दोन पुस्तकांत आणि १९४५ च्या तिसऱ्यात आहे. मुखपृष्ठावर नाव एकट्याचं. वालांतीन स्वतः त्या विषयात शिकलेली, निरीक्षणांत पहिल्यापासून बरोबरीने होती; त्याने तिचं ऋण मानलं, पण नाव छापलं गेलं नाही. त्या काळात अशा कित्येक बायकांचं हेच झालं.

तिसऱ्या पुस्तकात त्याने आपल्याच बाळपणाचा एक किस्सा घातलाय. तो बाबागाडीत होता, पॅरिसच्या शाँझ-एलिझेवर एका माणसाने त्याला पळवायचा प्रयत्न केला, दाईने झटापट करून वाचवलं, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे आले, पोलीस धावत आला. हे सगळं त्याला डोळ्यांसमोर दिसायचं. तो पंधरा वर्षांचा असताना त्या दाईचं पत्र आलं: तिने सगळं रचलं होतं, बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ ती परत करत होती. म्हणजे घरात ऐकलेल्या गोष्टीतून त्याने डोळ्यांदेखतची आठवण तयार केली होती. मुलं जग आपल्या आत रचतात असं सांगणाऱ्याला पुरावा शोधायला लांब जावं लागलं नाही.

आता उलटतपासणी. तीन मुलं, तीही एकाच घरातली, आई-बाप दोघंही शिकलेले स्विस. एवढ्यावरून जगातल्या सगळ्या बाळांबद्दल बोलायचं? त्याच्या हयातीतच हा आक्षेप आला आणि तो रास्तच आहे. १९८० च्या दशकात रने बायार्जों आणि तिच्या सहकाऱ्यांनी बाळांना हात वापरायलाच लावलं नाही, फक्त नजर मोजली. एक पडदा मागे कलत जातो, त्याच्यामागे खोका आहे. पडदा खोक्याशी अडायला हवा, पण तो जणू आरपार गेला. चार-पाच महिन्यांची बाळं हे अशक्य दृश्य जास्त वेळ टक लावून बघत होती. म्हणजे झाकलेला खोका अजून तिथे आहे, हे त्यांना काही अंशी उमगलेलं होतं. हात पोचत नव्हता, नजर पोचली होती. पुढे एस्टर थेलन आणि लिंडा स्मिथ यांनी पोपटासारखाच खेळ घेतला आणि बसलेल्या बाळाला दुसऱ्या खेपेआधी उभं केलं. चूक कमी झाली. एकीकडेच पुन्हापुन्हा हात घालून बाहूला लागलेली सवय हे चुकीचं मोठं कारण निघालं. गंमत बघा, त्याचं वेळापत्रक चुकलं, पण विचार शरीरात गुंतलेला असतो हा त्याचा मुद्दा या प्रयोगाने उलट घट्टच केला.

तो गप्प बसणारा नव्हता. १९२८ मध्ये आइनस्टाइनने त्याला, लहान मुलांना वेग आधी कळतो की वेळ, हे शोधायला सुचवलं, आणि १९४६ मध्ये त्याने त्यावर दोन पुस्तकं काढली. १९५५ मध्ये जिनिव्हात ज्ञान कसं घडतं याच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं, तिथे गणिती, भौतिकीवाले, तर्कशास्त्री सगळे एकत्र. डोक्यावर बेरे, तोंडात पाइप, बुडाखाली सायकल, आणि अभ्यासिकेत कागदांचा असा ढीग की तुमच्या हॉस्टेलची खोली त्यापुढे नीटनेटकी वाटावी.

अमेरिकेत व्याख्यानाला गेला की एक प्रश्न हमखास यायचा: या अवस्था लवकर पार करून घेता येतील का? तो त्याला चक्क अमेरिकन प्रश्न म्हणायचा. त्याचं म्हणणं, घाई कशाला? मूल जे स्वतः शोधणार असतं ते आपण आधीच शिकवून टाकलं, तर ते शोधायचं राहून जातं. आज आपल्याकडे अडीच वर्षांच्या पोराला नर्सरीच्या इंटरव्ह्यूसाठी रंग आणि आकडे घोकायला लावतात, तेव्हा तो प्रश्न आता फक्त अमेरिकन उरलेला नाही.

१६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हात तो वारला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. म्हातारपणीही सेडमची रसाळ रोपं एका जागेहून दुसऱ्या जागी लावून, हवा-माती बदलली की त्यांचा आकार कसा बदलतो, हे तो बघत असे. गोगलगाईंवर सुरू झालेलं काम अजून चालूच होतं.