तालमीतून प्रयोगशाळेकडे : स्वामी कुवलयानंद

व्यायाम हा अभ्यासाचा विषय आहे आणि त्यात पदव्युत्तर परीक्षाही देता येते, हे ऐकून आजही काही पालक हसतात. दंड-बैठका काढायला पुस्तक कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. या सवालाला स्वामी कुवलयानंदांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोदे संस्थानातील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी एका गरीब मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती पटकावून ते बडोदा कॉलेजात शिकू लागले. त्याच शहरात जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव तरुणांना घडवीत होते. १९०७ पासून तीन वर्षे गुण्यांनी त्यांच्याजवळ भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. तालीम आणि ग्रंथ यांत त्यांना कधी वैर दिसले नाही.

पुढे खानदेशात अमळनेरला त्यांनी अध्यापन केले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. मधल्या काळात, १९१९ मध्ये, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींची भेट झाली व योगसाधनेची दिशा मिळाली. परंतु गुरूने सांगितले म्हणून खरे, एवढ्यावर हा शिष्य थांबला नाही. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान व नौली यांची तपासणी आरंभिली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणूनच बस्तिक्रियेत पाणी आत ओढले जाते, हे मोजमापाने दिसून आले. गूढ वाटणाऱ्या क्रियेचे कारण हाती लागले.

१९२३ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालय बंद पडले. दुसरा कोणी खचला असता. त्यांनी मात्र ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले.

त्यांच्या सचोटीची कसोटी प्राणायामाच्या प्रयोगांत लागली. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, अशी लोकांची समजूत होती. प्रत्यक्ष मोजणीत तसे आढळले नाही. ज्या विद्येसाठी घरदार पणाला लावले, तिच्याविषयीची एक गोड समजूत मोडायची की झाकून ठेवायची? त्यांनी निष्कर्ष छापले. योगाचे मोल अशा कुबडीवर उभे नाही, याची त्यांना खात्री होती.

मुंबई सरकारने १९३७ साली नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. शाळेत व्यायाम हवा तर तो शिकविणारा शिक्षक आधी तयार हवा, हे तेव्हा मान्य झाले व १९३८ मध्ये कांदिवलीस प्रशिक्षण संस्था निघाली. १९५० च्या सुमारास लोणावळ्यातही योगाचे महाविद्यालय सुरू झाले. १९५७ साली ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा या विषयाला पदवीची प्रतिष्ठा लाभली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, दुसऱ्याच्या शरीराला वळण लावणे ही मोठी जबाबदारी आहे. चुकीचा व्यायाम सांगितला तर त्याची किंमत शिकविणारा नव्हे, शिकणारा मोजतो. म्हणून या क्षेत्रात उतरताना अंगात बळ असावेच, पण प्रत्येक दाव्याला पुरावा मागण्याची सवयही असावी. तीच स्वामीजींनी मागे ठेवलेली खरी ठेव आहे.